प्रत्येक वाक्य दोनदा

बसस्थानकावर त्याला भोंगा म्हणत. चालक, वाहक, झाडूवाली, टपरीवाला, आगारप्रमुखसुद्धा. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण इतक्या वर्षांत त्यातली चेष्टा झिजली आणि नुसतं नाव उरलं.

चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली होती. तिथे माईकसमोर बसून तो कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचा. प्रत्येक घोषणा दोनदा. पहिली ऐकून माणूस मान वर करतो, दुसरी ऐकून सामान उचलतो, असं जुन्या घोषणावाल्याने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत. इंग्रजी मजकूर एका पुठ्ठ्यावर लिहिलेला होता. तो त्याला तोंडपाठ होता. पण त्या वाक्यांशी त्याची ओळख शेजारच्या बिऱ्हाडासारखी होती. रोज दिसतात, मान हलते, घरात जाणं कधी झालं नाही.

मग ध्वनिमुद्रित आवाज आला. बाईचा, गोड, कधीही न बसणारा. भोंग्याला कुणी काढलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं होती, तेवढ्यापुरतं त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे बोलायचं काम फार नव्हतं. फळ्यांवर छत्र्या, डबे, स्वेटर, एकेकटे बूट. आणि इंग्रजी कादंबऱ्या. लांबच्या गाडीत वेळ जावा म्हणून लोक त्या घेत, दोन थांबे वाचत, तोंडावर पालथ्या घालून झोपत आणि उतरताना विसरून जात. छत्रीसाठी लोक भांडायला येतात. कादंबरीसाठी सहसा कुणी येत नाही.

एकजण आली. पांढऱ्या केसांची, हातात काठी, चष्मा इतका जाड की मागचे डोळे पाण्याखाली असल्यासारखे दिसत. पिशवी हरवली होती म्हणाली.

"आत काय आहे ते सांगावं लागेल," भोंगा म्हणाला. तो नियमच होता.

"छत्री, डोळ्यांत घालायचं औषध, आणि एक न वाचलेलं पुस्तक."

"पुस्तकाचा रंग?"

"रंग मला विचारू नका. डोळ्यांच्या दवाखान्यातूनच येत होते मी."

त्याने पिशवी काढून समोर ठेवली. "आपली पिशवी मिळाली आहे, कृपया खात्री करून घ्यावी," तो सवयीने म्हणाला, आणि सवयीनेच परत एकदा म्हणाला.

ती हसली. "तुम्हीच होय ते. मी समोरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुम्ही रोज माझ्या वर्गात घुसायचात. मी एक वाक्य सुरू केलं की तुमची गाडी लागायची. बरं, एकदा सांगून गप्प बसाल तर तुम्ही कसले."

"नियम होता, बाई."

"माझी मुलं तुमची नक्कल करायची. माझी केली असती तर इंग्रजी तरी सुधारलं असतं."

बाई पिशवी घेऊन निघाल्या, दाराशी थांबल्या आणि परत आल्या. "मला हे पुस्तक वाचून दाखवाल का?"

"मला इंग्रजी येत नाही."

"अक्षरं तर येतात. उच्चार स्वच्छ आहेत, मी ऐकलेत. अर्थाचं मी बघते. माझे डोळे तुम्ही व्हा, तुमचा अर्थ मी होते."

असं ते सुरू झालं. त्याची पाळी दुपारी सुटे. बाई स्थानकासमोरच पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. खोलीत लोखंडी कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि खिडकी. खिडकीतून गाड्यांची घरघर वर येई आणि त्या दुसऱ्या बाईचा न बसणारा आवाज.

पुस्तक जुन्या काळातलं होतं. घोडागाड्यांचा काळ. एका लांब रस्त्यावर एक फाटक आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून जकात घ्यायची आणि फाटक उघडायचं. फाटकवाला मरतो, मग ते काम त्याची बायको करते. तिचा एकुलता एक मुलगा त्याच रस्त्याने शहरात गेलेला आहे. सगळं जग तिच्या फाटकातून जातं, मुलगा तेवढा येत नाही. एवढीच गोष्ट, पण सहाशे पानं.

"हे मी जन्मभर शिकवलं," बाई म्हणाल्या. "पण शाळेच्या प्रतीतून. मुलांसाठी छाटलेली प्रत, शंभरेक पानांची. शेवटी रस्त्यावर चाकांचा आवाज येतो, ती फाटक उघडायला उठते, आणि संपलं. खऱ्या पुस्तकात तिथून पुढे बरंच आहे म्हणतात. निवृत्त झाल्यावर निवांत वाचीन म्हणून विकत आणलं. निवांतपणा आला आणि डोळे गेले. मला शेवट ऐकायचाय. बाकी काही नको."

"पण निवांत ऐका की. घाई काय?"

"मुलगा न्यायला येणार आहे. पुढच्या महिन्यात. तिकडे गेल्यावर कोण वाचणार? तो म्हणतो, आई, आता मशीन वाचून दाखवते."

मशीन म्हटल्यावर भोंग्याने पुस्तक पुढे ओढलं. पुस्तक उघडून त्याने पहिलं वाक्य वाचलं. सरळ, सपाट, खणखणीत. नावं आली की आवाज आपोआप चढे, गावाचं नाव आल्यासारखा. वाक्य संपलं. त्याने तेच परत वाचलं.

"हे काय?"

"सवय आहे, बाई."

बाई जरा चिडल्या, मग विचारात पडल्या. "राहू दे. पहिल्यांदा माझ्यासाठी वाचा. दुसऱ्यांदा स्वतःसाठी."

पहिले काही दिवस ते दुसरं वाचन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. शब्द तोंडातून जात आणि मागे काही ठेवत नसत. शब्दकोश बाईंनी कपाटात कोंडून ठेवला होता. "अडलं की अंदाज करा. अंदाज चुकला तर पुढचं पान सांगेल. पुस्तकाइतका सहनशील मास्तर मी तरी पाहिला नाही." अगोदर त्याला फक्त 'म्हणाली' आणि 'म्हणाला' कळू लागलं, कारण ते प्रत्येक पानावर होतं. मग फाटक. मग पाऊस, रस्ता, दिवा. अंधाऱ्या खोलीत एकेक वस्तू हाताला लागावी तसं. त्याची एक तक्रार होती: "हे लोक काय केलं ते आधीच सांगून टाकतात, आणि मग कुठे, कसं, कशासाठी ते सांगत बसतात. आपण कसं, शेवटपर्यंत माणसाला लटकत ठेवतो."

"त्यांना ठाऊक असतं, ऐकणारा मध्येच उठून जाईल," बाई म्हणाल्या.

एक दिवस जुनं पुस्तक, एक दिवस नवं, असं बाईंनी ठरवून दिलं. नव्याला तोटा नव्हता. हरवलेल्या सामानात मुदत संपलेली पुस्तकं रद्दीत जात, त्यातली तो आणे. कुणाच्या पानात कंगवा खुणेला, कुणाच्या पानात तिकीट. खुणेच्या पुढची पानं कोरी करकरीत. त्या अनोळखी प्रवाशाने जिथे सोडलं तिथून पुढे आपण एकटेच चाललो आहोत, असं त्याला वाटे.

नवी पुस्तकं त्याला आधी सोपी वाटली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द. पण सगळे शब्द कळूनही पान कळत नसे. नवरा-बायको स्वयंपाकघरात कपबशा विसळतात, हवेबद्दल बोलतात, आणि बाई म्हणतात की इथे त्यांचं लग्न मोडलं.

"कुठे मोडलं? मी दोनदा वाचलं."

"ती त्याचा कप विसळत नाही. परत वाचा."

त्याने परत वाचलं. खरंच, एक कप तसाच राहिला होता.

"कळलं," तो म्हणाला. "जुनी कादंबरी म्हणजे साधी गाडी. प्रत्येक थांब्यावर थांबते, उतरून पाणी पिता येतं. नवी म्हणजे विनाथांबा. तुमचा थांबा गेला तरी कुणी सांगणार नाही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मी शिकवत होते तेव्हा हे मला सुचायला हवं होतं."

घरी बायकोची वेगळी टिप्पणी चालू होती. "या वयात इंग्रजी शिकून भांडणार कुणाशी? माझ्याशी भांडायला आहे ती भाषा पुरते."

"भांडायला नाही. वाचायला."

"गाढवापुढे वाचली गीता, असं ऐकलं होतं. इथे ऐकणारी तर शहाणी आहे. वाचतंय कोण ते मी बोलत नाही."

पण चहा घेऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि विचारायची, "आला का हो तिचा मुलगा?" त्या फाटकवालीची गोष्ट तिला तुकड्या-तुकड्याने कळत होती. शेजारणीची खबर घ्यावी तशी ती घेई.

बाईंच्या मुलाचा फोन येई तेव्हा भोंगा उठून खिडकीपाशी जायचा. तरी ऐकू येईच. "हो, हो. पुढच्या महिन्यात. चालेल की. कामं असतात." एक महिना गेला तसा दुसराही पुढचा झाला. फोन ठेवून बाई म्हणायच्या, "बरं झालं, पानं बरीच उरलीत."

एव्हाना त्याचं वाचन बदललं होतं. त्याच्या लक्षात आलं नव्हतं, बाईंच्या आलं होतं. दुसऱ्या वाचनात आवाज खाली येई, कुठे थांबे, कुठे घाई करी. फाटकवाली म्हातारी होत चालली होती, आणि तिच्या वाक्यांपाशी भोंग्याचा आवाज आपोआप वाकत होता.

"आता तुम्ही घोषणा करत नाही," बाई एकदा म्हणाल्या.

"चुकतंय का?"

"चुकत नाही. बदललंय एवढंच."

शाळेची प्रत जिथे संपत होती ते पान आलं. चाकांचा आवाज. ती उठते. बाईंनी हात वर केला. "बास. पुढचं उद्या. इतकी वर्षं थांबले, एक दिवस आणखी."

त्या संध्याकाळी भोंग्याने पुस्तक घरी नेलं. अलीकडे तो पुढची पानं घरी चाळून ठेवी, उच्चार अडू नयेत म्हणून. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तो उभा राहिला आणि वाचू लागला. एकदाच. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. कुणी शेजारी बसून अर्थ सांगत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. ती उठते, पण दोन पावलांवर तिचा जीव घाबरा होतो आणि ती परत खुर्चीत बसते, ती कायमचीच. बाहेर गाडीवान हाका मारतो. फाटक उघडा. पुन्हा हाका मारतो. शेवटी तो स्वतःच खाली उतरतो, फाटक उघडतो, गाडी पलीकडे नेतो, आणि भला माणूस असल्यामुळे परत येऊन जकातीचं नाणं खिडकीत ठेवतो. आत बघत नाही. गाडीत मुलगा नसतोच. कुणीतरी दुसराच असतो. मुलगा पुढच्या प्रकरणात येतो, तोवर फाटकावर नवा माणूस असतो. मुलगा गाडीत झोपलेला असतो.

भोंग्याने पुस्तक मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचं एक अख्खं पान त्याला आपलं आपण कळलं होतं, आणि ते नेमकं हे होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "बाईंना नका सांगू."

"त्यांना तेच ऐकायचंय."

"ऐकायचंय म्हणून ऐकवायचं असतं का? तिकडे तो मुलगा पुढचा महिना पुढचा महिना करतोय. इकडे तुम्ही जाऊन हे वाचणार. दोन पानं गाळली तर कुणाचं काय बिघडलं? दिसतंय का त्यांना?"

शेवटचं वाक्य बोलून ती स्वतःच ओशाळली. पण भोंग्याच्या मनात ते घर करून बसलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी केस नीट विंचरले होते. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली होती. "चला."

भोंग्याने चाकांच्या आवाजाचं वाक्य वाचलं, दोनदा. ती उठते ते वाचलं, दोनदा. मग त्याची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिथेच राहिली. खाली कुठलीशी गाडी मागे घेत होते, वाहकाची शिट्टी ऐकू येत होती. भोंग्याने पानावरून डोळे काढले आणि भिंतीकडे बघत तो इंग्रजीत एक वाक्य बोलला. पानावर नसलेलं. त्याने स्वतः जुळवलेलं, जन्मातलं पहिलं. मुलगा सकाळच्या पहिल्या बसने आला.

आणि लगेच त्याने पान उलटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा?"

भोंग्याचं बोट पानाच्या कोपऱ्यावरच राहिलं.

"ते एकदाच वाचलंत. दुसऱ्यांदा वाचा."

तो पुन्हा म्हणाला. पण आपलं वाक्य आपल्याच लक्षात राहत नाही. या खेपेला बस वेळेवरही होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो माईकवाले, या पुस्तकात घोडे आहेत. बस कुठून आली?"

भोंगा म्हणाला, "चुकलं."

"आणि वेळेवर आली. कादंबरीत कुणी वेळेवर येत नसतं. वाक्य बरोबर होतं, तुमचं होतं, आणि छान होतं. पण मी ज्यासाठी बसले होते ते कुठे आहे?"

"बाई, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"मग वाटू दे की. माझं वाईट वाटणं तुम्ही काल परस्पर घरी घेऊन गेलात आणि तिकडेच ठेवून आलात." आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती. "ती छाटलेली प्रत कुणी केली असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. कुणी दुष्ट माणूस नसणार. तुमच्यासारखाच कुणीतरी. मुलांना वाईट वाटेल म्हणून. दर वर्षी एखादी मुलगी विचारायची, बाई, गाडीत तोच होता ना? मला ठाऊक नव्हतं. मी म्हणायचे, हो. तोच होता."

खाली त्या न बसणाऱ्या आवाजाने एक गाडी जाहीर केली. पुन्हा जाहीर केली.

"माझा मुलगा म्हणतो तशी ती मशीन आणली," बाई म्हणाल्या, "तर ती एक ओळ गाळणार नाही. मला ठाऊक आहे. पण ती दुसऱ्यांदाही पहिल्यासारखंच वाचेल. म्हणून मला मशीन नकोय. पण तुम्ही गाळणार असाल, तर मग मला मशीनच बरी. आता तुम्ही ठरवा."

भोंगा उठला. जगमधलं पाणी पेल्यात ओतून प्यायला. दार चार पावलांवर होतं आणि पायऱ्या उतरल्या की समोर स्थानक. त्याला काचेची खोली आठवली. तिथून त्याने गाड्या रद्द झाल्याचंही सांगितलं होतं. दवाखान्यात निघालेल्या, लग्नाला निघालेल्या, न रडता उभ्या असलेल्या माणसांना. गाडी रद्द आहे, असंच सांगावं लागे. दोनदा. गाडी रद्द झाली आहे हे न सांगता त्यांना फलाटावर उभं ठेवणं, असं त्याला कधी सुचलंही नव्हतं.

तो परत येऊन बसला. पान मागे उलटलं.

पहिल्यांदा त्याने जुन्या आवाजात वाचलं. सरळ, सपाट, खणखणीत. कुठे वाकला नाही, कुठे थांबला नाही. खुर्ची. हाका. पुन्हा हाका. खाली उतरणारा गाडीवान. खिडकीत ठेवलेलं नाणं. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि त्यात जे व्हायचं ते आवाजाचं झालं. त्याने ते आवरलं नाही. बाईंनी एकही अर्थ सांगितला नाही. त्यानेही विचारला नाही. झोपलेल्या मुलाची गाडी फाटकातून गेली ते वाचून झालं तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली फरशीवर उतरलं होतं.

"झोपला होता," बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे दुष्ट नव्हता. दमला होता."

"पुढे लिहिलंय तसं. तीन दिवसांचा प्रवास होता त्याचा."

"असणार." बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसत होते, पाण्याबाहेर आल्यासारखे. "चला. आता मला ठाऊक आहे."

भोंग्याने पुस्तक मिटलं. थोडी पानं उरली होती, पण ती उद्याची होती. तो उठणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता ते तुमचं म्हणा."

"कुठलं?"

"बसचं."

"ते पुस्तकात नाही, बाई."

"म्हणून तर. पुस्तकातलं ऐकून झालं माझं."

त्याने घसा साफ केला. माईक समोर असावा तसा तो ताठ बसला आणि इंग्रजीत, आपल्या इंग्रजीत म्हणाला की मुलगा सकाळच्या पहिल्या बसने आला.

बाईंनी मान वर केली.

खाली कसलीशी घोषणा चालू होती. ती दोन्हीदा पूर्ण होईपर्यंत तो थांबला. मग त्याने ते वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं.